बीदरच्या दरबारातील मृत्यू

बीदर हे नाव मराठी माणसाच्या कानी प्रथम पडते ते बहुधा दामाजीपंतांच्या कथेतून. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला. सरकारी कोठारातील धान्य दामाजीपंतांनी उपाशी रयतेला वाटून टाकले. बीदरच्या बादशहाचा हुकूम सुटला आणि पंतांना बांधून नेण्यासाठी स्वार निघाले. तोच विठू महाराचे रूप घेऊन पंढरीचा देव दरबारात उभा राहिला, त्याने धान्याचे मोल मोजून दिले आणि रीतसर पावती घेतली. ती पावती पुढे पंतांना आपल्या पोथीत सापडली, असे कथा सांगते. भाविकाचे डोळे या कथेत देवाच्या धावण्याकडे लागतात, आणि ते योग्यच आहे. पण कथा रचणाऱ्या लोकमनाला आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक होती असे दिसते. बीदरच्या दरबारी माणसाचा जीव एखाद्या कागदावर टांगलेला असे. कागद मिळाला तर माणूस वाचे, न मिळाला तर जाई. खुद्द देवाला तेथे जाऊन पावती मागावी लागली!

ज्या पंधराव्या शतकात ही कथा घडली असे मानतात, त्याच शतकात त्याच दरबारात एक दुसरा कागद पुढे करण्यात आला. त्यावर खरी मोहोर होती आणि खोटा मजकूर होता. त्या कागदाने बहमनी राज्याच्या सर्वांत थोर वजिराचा प्राण घेतला आणि थोड्याच वर्षांत ते राज्यही गिळले. ख्वाजा महमूद गावान हे त्या वजिराचे नाव. परंतु त्याच्या मृत्यूकडे वळण्यापूर्वी त्याच्या आधी या भूमीवर गेलेल्या दोन-तीन माणसांची ओळख करून घेणे इष्ट होईल. कारण तो कट १४८१ सालीच काही जन्मास आला नव्हता.

बहमनी राज्याची पहिली थोर राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी. तेथे १३९७ पासून फिरोजशहा राज्य करीत होता. अनेक भाषा जाणणारा, विद्वानांचा षोकी आणि विजयनगरशी तितक्याच हौसेने लढणारा असा हा सुलतान. त्याच्या कारकीर्दीत वयाची जवळजवळ ऐंशी वर्षे पूर्ण केलेले एक सूफी सत्पुरुष गुलबर्ग्यास येऊन राहिले. ते सय्यद महंमद गेसूदराज, लोकांच्या तोंडी ख्वाजा बंदेनवाज. जन्म १३२१ चा, दिल्लीचा. बालपणीचा काही काळ दौलताबादेस गेलेला. तैमूरची स्वारी दिल्लीवर आली त्या सुमारास त्यांनी ते शहर सोडले. फिरोजशहाने प्रथम त्यांचे मोठे स्वागत केले. पण पुढे सुलतानाने आपल्या मुलाला वारसाचा आशीर्वाद मागितला, तेव्हा राज्य दैवाने सुलतानाचा भाऊ अहमद याला नेमले आहे असे उत्तर मिळाले, अशी परंपरा आहे. तेथून प्रेमात अंतर पडले. पानगलच्या लढाईत फिरोजचा मोठा पराभव झाला, सैन्य अहमदच्या बाजूला गेले, आणि १४२२ च्या सप्टेंबरात थकलेल्या सुलतानाने राज्य भावाच्या हवाली केले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत तो मेला. तो आजाराने गेला, की त्याचा गळा दाबण्यात आला, याविषयी बखरकारांचे एकमत नाही. त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, वयाच्या शंभरीवर ख्वाजा बंदेनवाजही निवर्तले. फिरोजची दुहेरी दालनाची भव्य कबर गुलबर्ग्याच्या हफ्त गुंबज समूहात आहे आणि ती पाहण्यास जिज्ञासू जातात. बंदेनवाजांच्या दर्ग्यात मात्र सर्व धर्मांच्या माणसांची रीघ सहाशे वर्षांत खंडलेली नाही.

गादीवर आलेल्या अहमदशहाने राजधानी बीदरला हलविली. त्याला गादीवर बसविण्यात एका परदेशी घोड्यांच्या व्यापाऱ्याचा मोठा हात होता. खलफ हसन बसरी हे त्याचे नाव. अहमदशहाने त्याला ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, असा किताब दिला आणि दरबारात वरचे पद दिले. येथेच दुहीचे बीज पडले. पिढ्यान् पिढ्या दक्षिणेत राहिलेले सरदार ते दखनी. इराण, अरबस्तान, तुर्कस्थान इकडून समुद्रमार्गे नव्याने आलेले ते आफाकी. एकाला वाटे, राज्य आम्ही राखले आणि मान उपऱ्यांना मिळतो. दुसऱ्याला वाटे, कर्तबगारी आमची आणि मत्सर यांचा. दोन्ही बाजूंस थोडे सत्य होते. म्हणूनच ते भांडण मिटले नाही.

त्या भांडणाचा पहिला मोठा बळी महाराष्ट्राच्या भूमीवरच पडला. अहमदशहाच्या मुलाच्या, म्हणजे दुसऱ्या अलाउद्दीनच्या कारकीर्दीत खलफ हसन कोकणच्या मोहिमेवर निघाला. शिर्के घराण्यातील एका राजाने त्याला खेळण्याच्या, म्हणजे विशाळगडाच्या, दाट रानात आडवाटेने नेले आणि तेथे रात्रीच्या वेळी त्याची फौज कापली गेली. खलफ हसनही पडला. जे वाचले ते कसेबसे चाकणच्या किल्ल्यापर्यंत पोचले. तेव्हा दखनी सरदारांनी बीदरला लिहून कळविले की, हे लोक फितूर होऊन कोकणच्या राजांना मिळू पाहत आहेत. सुलतानाने चौकशी केली नाही; हुकूम दिला. अभयवचन देऊन त्या आफाकींना किल्ल्याबाहेर काढण्यात आले, मेजवानीला बसविण्यात आले आणि तेथेच त्यांची कत्तल झाली. पुढे सत्य बाहेर पडले आणि लिहिणाऱ्यांना शिक्षाही झाल्या. पण मेलेले परत आले नाहीत. चाकणचा संग्रामदुर्ग म्हटला की आपल्याला फिरंगोजी नरसाळा आठवतो. त्याच किल्ल्याच्या सावलीत, शिवकालाच्या दोनशे वर्षे आधी, एका खोट्या पत्राने हे घडविले होते.

अशा या दरबारात १४५३ च्या सुमारास महमूद गावान आला. कास्पियन समुद्राच्या काठच्या गीलान प्रांतातील तो. त्याच्या घराण्याने तिकडे वजिरी केली होती. पण दरबारी वैर वाढल्याने त्याने देश सोडला आणि व्यापार पत्करला. कैरो, दमास्कस येथील विद्वानांच्या सहवासात तो राहिला होता. इतर दरबारांनी देऊ केलेली पदे त्याने नाकारली होती, असे म्हणतात. चाळिशी उलटल्यावर दाभोळच्या बंदरात तो उतरला, तो माल विकावा आणि बीदरच्या साधुपुरुषांची भेट घ्यावी एवढ्याच हेतूने. दरबारी वैराला कंटाळून देश सोडणाऱ्या माणसाला दैवाने त्याहून वाईट दरबारात आणून बसविले.

अलाउद्दीनने त्याला ठेवून घेतले. पुढचा सुलतान हुमायून. त्याच्या नावामागे इतिहासाने ‘जालीम’ हे विशेषण कायमचे चिकटविले आहे. बंडखोर भावाला त्याने वाघापुढे टाकले, अशी हकीकत आहे. त्याच्या क्रौर्याच्या कथांत विरोधकांनी भर घातली असणे शक्य आहे. पण सगळ्याच कथा रचलेल्या मानणे अवघड जाते. या हुमायूनने गावानला मलिक-उत्-तुज्जार केले. १४६१ साली हुमायून मेला आणि आठ वर्षांचा निजामशहा गादीवर आला. कारभार तिघांच्या हाती गेला. राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि गावान. राजमातेच्या शहाणपणाची इतिहासाने पुरेशी नोंद घेतलेली नाही. माळव्याचा महमूद खलजी बीदरच्या तटापर्यंत आला तेव्हा तिने धीर सोडला नाही, आणि गावानने गुजरातच्या महमूद बेगड्याची मदत आणून राज्य वाचविले. निजाम लवकरच वारला. त्याचा धाकटा भाऊ तिसरा महंमद १४६३ मध्ये सुलतान झाला. ख्वाजा जहान तुर्काचा १४६६ साली दरबारात वध झाला आणि त्यानंतर सारा भार गावानवर आला.

या माणसाने काय केले ते मराठी वाचकाने पाहण्यासारखे आहे. कारण त्यातील बरेचसे आपल्याच डोंगरांत घडले. १४६९ मध्ये तो कोकणात उतरला. खलफ हसनची चूक त्याच्या डोळ्यांपुढे होती. त्याने घाई केली नाही. वाटेतील रान तोडून काढले, पावसाळ्यात कोल्हापूरला छावणी केली आणि पुन्हा कामाला लागला. खेळणा घेतला, संगमेश्वर घेतले. १४७२ च्या फेब्रुवारीत गोवा विजयनगरच्या हातून त्याने घेतला. या मोहिमेतून त्याने लिहिलेली पत्रे ‘रियाज-उल्-इन्शा’ या त्याच्या पत्रसंग्रहात आहेत. अलंकारांनी जड झालेल्या त्या फारसीतून एक कुरबूर वारंवार ऐकू येते. शत्रू पुढे आहे हे ठीक. पण बीदरला बसलेले आपलेच लोक रसद व कुमक अडवितात, ती तक्रार कुणापुढे करावी?

परत आल्यावर सुलतान स्वतः त्याच्या घरी पाहुणा म्हणून राहिला आणि राजमातेने त्याला भाऊ म्हटले. या वैभवाच्या दिवसाविषयी फिरिश्ता एक गोष्ट सांगतो. सुलतान निघून गेल्यावर गावान खोलीत गेला, अंगावरचे भारी कपडे उतरवून रडला, आणि घरातील चीजवस्तू विद्वानांना व गरिबांना वाटून टाकली. ठेवले फक्त हत्ती, घोडे आणि ग्रंथ. याचे कारण एकाने विचारले, तेव्हा ग्रंथ विद्यार्थ्यांचे आणि हत्तीघोडे सुलतानाचे, आपले म्हणून वाटून टाकण्याचा अधिकार नाही, असे त्याने सांगितले. ग्रंथ ज्यांच्यासाठी होते ती मदरसा १४७२ सालीच बीदरमध्ये उभी राहिली. तीन मजली इमारत, विद्यार्थ्यांना राहण्यास खोल्या, अध्यापकांची व्यवस्था, तीन हजार हस्तलिखिते, आणि दर्शनी भागावर इराणी पद्धतीच्या रंगीत फरशीची नक्षी. दक्षिणेत असे काही त्यापूर्वी झाले नव्हते.

त्याच सुमारास बीदरला एक रशियन व्यापारी आला होता. त्व्हेर गावचा अफनासी निकितीन. चौलला उतरून जुन्नरमार्गे तो आला. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा हिसकावून, धर्म बदल म्हणजे घोडा देतो, असा सौदा मांडला होता; तो एका परदेशी माणसाच्या मध्यस्थीने टळला. निकितीनने कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदच्या जत्रेचे आणि तेथील घोड्यांच्या प्रचंड बाजाराचे वर्णन करून ठेवले आहे. मलिक-उत्-तुज्जाराच्या पंगतीला रोज पाचशे माणसे जेवतात, हेही तो नोंदवितो. पण याच निकितीनने आणखी एक गोष्ट पाहिली. सरदार अतिशय श्रीमंत आणि खेड्यांतील माणूस फार हलाखीत. दामाजीपंतांच्या कथेतील उपाशी रयत ती हीच. निकितीन मायदेशी परतला खरा, पण आपल्या गावी पोचला नाही; स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वाटेत वारला. त्याची वही तेवढी मॉस्कोला पोचली.

गावानचा घात ज्याने केला ते त्याचे युद्ध नव्हे, मदरसाही नव्हे. त्याचा कारभार होय. राज्य चार तरफांत विभागलेले होते. एकेक तरफदार म्हणजे जवळजवळ एकेक राजाच. गावानने चाराचे आठ सुभे केले. प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. बाकीच्यांवर थेट दरबारातून किल्लेदार नेमले. जमिनीची मोजणी सुरू केली. सरदाराने जितक्या स्वारांचा पैसा घ्यावा तितके स्वार हजर ठेवावे, नाही तर पैसा परत भरावा, असा नियम केला. आजच्या वाचकाला यात आक्षेपार्ह काही दिसणार नाही. पण ज्याचे उत्पन्न कागदावरच्या स्वारांवर चालत होते त्याला हा नियम म्हणजे उघड वैर वाटले. दखनी आणि आफाकी या दोघांना सारखीच पदे देण्याची दक्षता त्याने घेतली होती. तथापि नियमाने दुखावलेला माणूस न्यायाने सुखावत नाही.

तेलंगणाचे दोन तुकडे झाले तेव्हा मलिक हसन बहिरी हा सर्वांत अधिक दुखावला. त्याची किताबत निजाम-उल्-मुल्क. याचे चरित्रही विलक्षण आहे. फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे हा मूळचा पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरचा ब्राह्मण मुलगा, नाव तिमाभट, बापाचे नाव भैरव. विजयनगरच्या स्वारीत पकडला जाऊन मुसलमान झाला, आणि हुशारीच्या जोरावर वर चढला. बहिरी हे भैरवाचेच रूप असे सांगतात.

१४८१ च्या आरंभी सुलतान पूर्वेकडे मोहिमेवर होता. तो कांचीवर दौड मारून आला होता आणि छावणी कोंडपल्लीस पडली होती. मलिक हसनच्या मंडळींनी गावानची मोहोर सांभाळणाऱ्या हबशी गुलामाशी दोस्ती केली, त्याला भेटी दिल्या, भरपूर दारू पाजली, आणि एका मित्राचा किरकोळ कागद आहे असे सांगून कोऱ्या पत्रावर मोहोर उठवून घेतली. मग वर मजकूर लिहिला. ओरिसाच्या पुरुषोत्तम राजाला गावानचे पत्र: हा सुलतान दारुडा आहे, लोक त्रासले आहेत, तुम्ही तिकडून चालून या, आम्ही इकडून उठतो, राज्य वाटून घेऊ. हे पत्र सुलतानाच्या हाती पडेल अशी व्यवस्था करण्यात आली. सुलतान त्या वेळी नशेत होता. त्याने गावानला बोलावणे पाठविले.

हितचिंतकांनी गावानला सावध केले. घोडे तयार आहेत, गुजरातकडे निघून चला, असे त्यांनी विनविले. त्याने ऐकले नाही. ज्याच्या बापाच्या चाकरीत दाढी पांढरी झाली, त्याच्याच हातून ती लाल झाली तर त्यात अपमान कसला, अशा अर्थाचे तो बोलला. दरबारात सुलतानाने विचारले, धन्याशी बेइमानी करणाऱ्याला शिक्षा कोणती? गावान म्हणाला, तलवार. मग पत्र पुढे टाकण्यात आले. ते पाहून त्याने सांगितले की मोहोर आपली आहे, पत्र आपले नाही. एवढेच विधान तपासून पाहिले असते, मोहोर ठेवणाऱ्याला पाचारण केले असते, तरी सारा डाव उघडा पडला असता. सुलतान उठून आत गेला आणि जाताना त्याने जौहर नावाच्या हबशी गुलामाला हात करून खूण केली. म्हातारा वजीर गुडघे टेकून किबल्याकडे तोंड करून बसला. तो दिवस ५ एप्रिल १४८१ चा. त्याचे वय सत्तरीच्या वर गेले होते. त्याचा मित्र असद खान गीलानी हाही त्याच वेळी मारला गेला.

मग सुलतानाला खजिना आठवला. इतकी वर्षे राज्य चालविणाऱ्याच्या घरी किती संपत्ती निघेल! खजिनदाराला धरून आणले. त्याने सांगितले की, धन्याच्या दोन थैल्या होत्या. एक फौजेची, एक गरिबांची, आणि दोन्हींत फारसे काही उरलेले नाही. स्वतःचा खर्च तो देशातून आणलेल्या भांडवलाच्या व्यापारी नफ्यातूनच करी. मातीच्या भांड्यांत शिजवलेले खाई आणि चटईवर निजे. सुलतानाने तेव्हा चौकशी सुरू केली. ज्या चौकशीने एक जीव वाचला असता ती जीव गेल्यानंतर झाली. शव सन्मानाने बीदरला पाठविण्यात आले. पण आता सरदारांचाच विश्वास उडाला होता. गावानच्या हाताखाली वाढलेला यूसुफ आदिलखान छावणीपासून दूर तळ ठोकून राहिला. इतरांनीही तेच केले. ज्याच्या निष्ठेचा हा शेवट, त्या दरबारात आपण बिनधोक कसे शिरावे, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला सुलतानाजवळ उत्तर नव्हते. तो मद्यात बुडाला. २२ मार्च १४८२ रोजी, एक वर्षही पुरे झाले नव्हते तोच, तो मेला, वय अठ्ठावीस. शेवटच्या वातात गावान आपले काळीज फाडतो आहे असे तो ओरडत होता, असे फिरिश्ता लिहितो. मरणाऱ्याचे बोलणे इतिहासकार पुष्कळदा आपल्या पदरचे घालतात. पण त्या काळच्या लोकांना ते खरे वाटले, हे महत्त्वाचे आहे.

मलिक हसनला हवे होते ते मिळाले. बारा वर्षांच्या महमूदशहाच्या नावाने तो राज्य करू लागला. १४८६ साली बीदरमध्येच दिलपसंद खान नावाच्या सरदाराने, ज्याच्यावर त्याने भरवसा टाकला होता त्यानेच, त्याचा जीव घेतला. त्याचा मुलगा मलिक अहमद त्या वेळी जुन्नरला होता. १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव करून तो स्वतंत्र झाला आणि त्याच जागी पुढे अहमदनगर वसविले. विजापुरास यूसुफ आदिलखान, वऱ्हाडात इमादशहा, पुढे गोवळकोंड्यास कुत्बशहा, आणि खुद्द बीदरला कासीम बरीद. ज्या निजामशाहीच्या आणि आदिलशाहीच्या चाकरीत मालोजी व शहाजीराजे पुढे आले, त्या शाह्यांचा जन्म असा कोंडपल्लीच्या छावणीपाशी येऊन मिळतो. नावापुरता शेवटचा बहमनी सुलतान कलीमुल्ला बरीदांच्या कैदेला कंटाळून पळाला आणि अखेर अहमदनगरच्या आश्रयास गेला. म्हणजे मलिक हसनच्याच नातवाच्या दारी. तेथे तो वारला आणि त्याचा देह बीदरजवळच्या अष्टूर गावी आणून पुरण्यात आला.

अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरींची रांग उभी आहे. हुमायूनच्या कबरीचा घुमट विजेने अर्धा फोडलेला आहे. ‘जालीम’ या विशेषणाची लोकांनी त्याच्याशी जोड लावली नसती तरच नवल. अहमदशहाच्या घुमटात रंग व सोनेरी अक्षरे अजून दिसतात. त्याला मुसलमान वली म्हणतात आणि लिंगायत अल्लमप्रभू मानतात. त्याचा उरूस हिंदू पंचांगाच्या तिथीने, होळीच्या पुढेमागे भरतो आणि त्यात कलबुर्गीकडून आलेला जंगम पुढारीपण करतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठवाड्याकडे आले आणि बाकीचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला; पण या उरुसाला दोन्हीकडची माणसे पूर्वीसारखीच जातात.

महमूद गावानची कबर या रांगेत नाही. ती शहराबाहेर दुसरीकडे आहे, उघड्या चौथऱ्यावर, घुमटावाचून. त्याची मदरसा औरंगजेबाच्या काळात मोगलांच्या ताब्यात गेली. तिच्यात सैन्य राहू लागले आणि बंदुकीची दारू साठविण्यात आली. १६९६ साली त्या दारूचा भडका उडून इमारतीचा मोठा भाग आणि दर्शनी मनोऱ्यांपैकी एक मनोरा कोसळला. दुसरा अजून उभा आहे, आणि त्याच्यावरची निळी-हिरवी फरशी तुकड्यातुकड्यांनी का होईना, टिकून आहे.